थप्पीच्या आत

मला आकड्यांची आवड वगैरे काही नव्हती. मी सी.ए. करायला घेतलं ते निव्वळ रागानं. आमच्या रावेरकडच्या केळीवाल्या घरात काका म्हणाले होते, "पोरीला कशाला एवढं अवघड? बँकेत चिकटवून टाका." झालं. दुसऱ्याच दिवशी मी फॉर्म आणला. पहिल्या प्रयत्नात आपटले, दुसऱ्यात निघाले आणि धुळ्याला एका सरांकडे आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला लागले.

चौथ्याच महिन्यात सरांनी मला मार्चअखेरची मोजणी करायला एकटीला शिंदखेड्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगवर पाठवलं. तिथले शेठ सरांचे सगळ्यात जुने अशील. काम सोपं होतं. गोदामात कापसाच्या गाठींच्या तीन थप्प्या मोजायच्या, पत्रकावर आकडा लिहायचा, खाली मी आणि शेठच्या दिवाणजींनी सही करायची. त्या आकड्यावर सर सही करणार आणि सरांच्या सहीवर विश्वास ठेवून बँक शेठना कर्ज देणार.

दिवाणजी साठीला टेकलेले. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणाले. गाठी एकेक कोण मोजतं? लांबी, रुंदी, उंची मोजायची आणि गुणायचं. मोठी थप्पी चौदा, नऊ, सहा. सातशे छप्पन्न. "बठ्ठं बरोबर शे, ताई," सगळं बरोबर असल्याचं नाना अहिराणीत म्हणाले. दोघांनी सह्या केल्या. मी खुशीत स्टँडवर आले.

एसटीची वाट बघताना डोक्यात एक मांजर शिरलं. मोजणी चालू असताना ते मोठ्या थप्पीवर चालत होतं, मध्यावर गेलं आणि खाली उतरलं. परत वर आलंच नाही. भरीव थप्पीत मांजर उतरेल कुठं?

सरांना फोन लावला. "मोजलंस ना?" त्यांनी विचारलं. मी पिशवीतलं पत्रक काढून बघितलं. "मोजलंस ना?" मी म्हणाले, "संध्याकाळी सांगते," आणि फोन ठेवला. एसटी आली. मी चढले नाही. रिक्षा करून परत जिनिंगवर गेले.

"काय व्हयनं?" नानांनी विचारलं.

"नाना, शिडी पाहिजे."

ते स्वतःच शिडी घेऊन आले. मला उंचीची भीती वाटते. वर गेले. चारी बाजूंनी दोन-दोन ओळींची भिंत आणि मधे सरळ जमिनीपर्यंत खड्डा. मधल्या तीनशे गाठी नव्हत्याच. उरलेल्या दोन थप्प्यांवरही चढले. त्या भरीव होत्या.

खाली उतरले ती रागातच. म्हातारा माझ्यासमोर सही करून मोकळा झाला होता!

"तुम्हाला माहीत होतं."

"शेठ म्हणाले होते, पोरगी नवीन आहे, वर चढायची नाही."

ते ना लाजून बोलत होते, ना उर्मटपणे. हवापाणी सांगावं तसं सांगत होते. माझा रागच जिरला.

"आकडा बदलावा लागेल नाना. खोडलेल्या आकड्याशेजारी परत सही लागेल. तुमचीही."

"शेठला काय सांगू?"

"मी सांगते."

"तुम्ही जाल धुळ्याला, ताई. मला इथंच बसायचंय. दोनच वर्षं राहिलीत माझी."

एक क्षण वाटलं, पत्रक पिशवीत टाकावं आणि निघावं. कोण वर चढून बघणार होतं? तरी मी सातशे छप्पन्नवर आडवी रेघ मारली, चारशे छप्पन्न लिहिलं, शेजारी सही केली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला आणि सही केली. का केली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या आकड्यापायी शेठनी काम दुसऱ्या सी.ए.कडे नेलं. सर मला एका शब्दानंही रागावले नाहीत. सहाएक महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले तेव्हा जिनिंगच्या फाटकापाशी रिक्षा थांबवली. ऑफिसच्या खिडकीतून नानांची खुर्ची दिसत होती. तिच्यावर तिशीतला एक माणूस बसला होता. त्यानं बाहेर येऊन विचारलं, "कोण पाहिजे?" "कोणी नाही," म्हणाले आणि रिक्षात बसले.