कोरी दिसणारी भिंत

मथुरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. फोन तिच्या भावाचा, सखारामचा. मेंढरं घेऊन रानात असला की तो कुणाला फोन करत नाही, म्हणून त्याचं नाव दिसताच मी हातातली जुडी खाली ठेवली. "ताई, आपली मथी गेली. झोपेतच गेली," एवढंच तो बोलला. आदल्या दिवशी शाळा सुटताना तिनं मला विचारलं होतं की व्याकरणाच्या तासाला पोरं अजून जागी राहतात का. मी म्हटलं होतं, तुझ्या तासाचं तू सांगू नकोस, तू तर अंधार करूनच शिकवतेस. त्यावर ती फाटकापर्यंत हसत गेली. आमचं शेवटचं बोलणं हे असं झालं आणि मला त्याचं मोठं समाधान आहे.

त्याला आता काही आठवडे झाले. हट्टा गावाजवळच्या आमच्या शाळेला सध्या रंग द्यायचं चाललं आहे. नवे मुख्याध्यापक उत्साही आहेत, त्यांनी सगळ्या खोल्यांची पाहणी केली आणि प्रयोगशाळेच्या मागची अंधारी खोलीही यादीत घातली. मी म्हटलं, सर, तिथली समोरची भिंत तेवढी सोडा. त्यांनी जाऊन पाहिलं. भिंत कोरी, जराशी कळकट. "बाई, हिच्यावर तर काहीच नाही," ते म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं दिसायला अगदी बरोबर होतं. पण ती भिंत कोरी नाही. ते पटवून द्यायचं तर भौतिकशास्त्र बोलावं लागणार, आणि मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई. रंगारी येईपर्यंतची मुदत मी मागून घेतली आणि मथुराला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. स्वतः निघून गेलीस आणि तुझा विषय माझ्या गळ्यात घातलास.

ती आमच्या शाळेत आली तेव्हा मला वाटलं होतं, विज्ञानाची बाई म्हणजे चष्मा, कपाळाला आठ्या आणि फळ्यावर सूत्रं. ही आली ती खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून. घर मेंढपाळाचं, दोर भावाकडून मागून आणलेला. पहिल्याच दिवशी तिनं नववीचा वर्ग पटांगणात काढला, दोराचं एक टोक लिंबाच्या झाडाला बांधलं आणि मधोमध रिबिनीचा लाल तुकडा. दुसरं टोक हातात घेऊन सावकाश हलवलं की दोरात लांबलचक लाट जायची, भराभर हलवलं की जवळजवळ, आखूड लाटा. रिबीन मात्र जागच्या जागी वरखाली नाचत होती. लाट पुढे जाते, दोर पुढे जात नाही, हे तिनं तोंडानं सांगितलंच नाही. पोरांनी विचारलं, म्याडम रिबीन काहून जाईना, तर म्हणाली, "थांब, दावते." आणि विचारणाऱ्याच्याच हातात दोर दिला. हे "थांब, दावते" तिच्या तोंडात कायमचं. इतरांना समजावून सांगायची हौस असते, तिला दाखवायची होती. मी व्हरांड्यातून बघत होते. मला वाटलं, हिचं आणि आपलं जमणार. ती मला ताई म्हणायची, मी तिला मथे.

उजेडही लाटच असते हे तिनं मला मधल्या सुट्टीत भाकरी खाता खाता शिकवलं. फक्त त्या लाटेला दोर लागत नाही, ती रिकाम्यातूनही येते, नाहीतर सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचलाच नसता. लांब लाटा रेडिओच्या, त्याहून आखूड मोबाइलच्या, मग उष्णतेच्या, मग आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, मग जांभळ्याच्या पलीकडच्या, आणि शेवटाकडे दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात त्या. "ताई, समज आपल्या शाळेपासून वसमतपर्यंतचा रस्ता म्हणजे सगळ्या लाटा," ती म्हणायची, "तर आपल्याला दिसून राहिलं ते शाळेचं फाटक. बाकी सगळा रस्ता आंधळा." मी म्हटलं, मग एवढ्याशा फाटकासाठी सगळे कवी रडून मेले की. तिला हे फार आवडलं. नंतर तिनं ते वर्गात माझ्या नावानिशी सांगितलं, आणि टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून त्या आंधळ्या रस्त्यावरचा एक जांभळट ठिपका पोरांना दाखवला. रिमोट त्या वेळच्या मुख्याध्यापकांच्या घरचा होता आणि तिकडे त्यांच्या घरी बातम्या अडल्या होत्या.

पण मथुरा मला खरी कळली ती माझ्या थोरल्या लेकीच्या, रेणूच्या हळदीला. सोयरीक वसमतकडच्या हळद पिकवणाऱ्या घराशी झालेली, आणि आम्हीही हळदवालेच. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडचे लोक तिन्हीसांजेला आमच्या मांडवात आले. बायकांनी ती तेलात कालवून रेणूच्या तोंडाला, हाताला चोपडली, वर आमच्या घरची लावली. इतक्यात मांडववाल्याला हौस आली. त्यानं नव्या तऱ्हेचे जांभळट दिवे आणले होते, ते लावले आणि पांढरे घालवले. माझी पोरगी हिरवट पिवळी, पेटल्यासारखी दिसायला लागली. हसावं की घाबरावं कुणाला कळेना. आणि मग गर्दीतून एक शब्द आला... भेसळ.

दुसऱ्या कुठल्या गावात कुणी म्हणालं असतं, बाहेरची बाधा झाली. आमच्याकडे हळदीचं काही वेगळं दिसलं की आधी भेसळच आठवते. माझे दीर पटकन बोलून गेले की आमच्या घरची हळद नव्हं, ती उष्टी तिकडून आलेली हाय. नवरदेवाचे मामा ताडकन उठले. त्यांच्या शेतातली हळद ती, स्वतः कढईपाशी उभं राहून शिजवलेली. "आमच्या हळदीला नाव ठेवायलेत. उठा, चला गाडीत बसा," ते आपल्या माणसांना म्हणाले, आणि खरोखर बायका पिशव्या गोळा करायला लागल्या. रेणू माझ्याकडे बघत होती आणि मी एकेकीच्या हातातली पिशवी धरून ठेवत होते.

मथुरा पंक्तीच्या पत्रावळी मोजून घेत होती, ती तशीच आली. "मामा, जायचं तर जा. पण थांबा, दावते, मग जा." तिनं त्यांच्याकडून आलेल्या ओटीतलं एक हळकुंड उचललं, एक आमच्या घरातून मागवलं, खलबत्ता आणवला आणि कुटायला मामांनाच बसवलं. रागानं कुटलेली हळद चांगली बारीक होते, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वाट्यांत दोन्ही हळदी तेलात कालवून तिनं दिव्याखाली धरल्या. दोन्ही सारख्याच चमकल्या. मग ती मामांना म्हणाली, "ह्या दिव्यातून येऊन राहिला त्यातला लई उजेड आपल्याला दिसत न्हाई. त्याची लाट फार आखूड. हळद ती गिळती आन् जराशी लांब करून वापस देती, ती आपल्याला दिसती. चमकणं हा हळदीचा दोष न्हाई, मामा, गुण हाय." मामांनी विचारलं, मग ही अस्सल हळदीची परीक्षा समजायची का. दुसरं कुणी असतं तर भांडण मिटतंय म्हणून हो म्हणून मोकळं झालं असतं. ती म्हणाली, न्हाई, एवढ्यावरून भेसळ कळत न्हाई, त्याला दुसरी तपासणी लागती. या एका नाहीमुळे मामांचा तिच्यावर विश्वास बसला असं मला आजही वाटतं.

ते खाली बसले. मग मथुरानं नवरदेवाच्या आजीला पदर बघायला सांगितला. म्हातारीचं पांढरं लुगडं निळंशार उजळलं होतं, कारण धुण्याच्या पावडरीतही असंच काहीतरी असतं. आजीनं पदर फिरवून फिरवून पाहिला आणि हसली, तर तिचे उरलेले दातही चकाकले. मग काय, अख्खा मांडव एकमेकांना दात दाखवत फिरायला लागला. मामांनी त्यांच्या हातानं कुटलेली हळद माझ्या दिरांच्या गालाला फासली. त्या रात्रीचे फोटो आजही दोन्ही घरांत आहेत आणि कुठल्याच फोटोत कुणाचं तोंड मिटलेलं नाही. माझ्या लेकीचा संसार मथुरानं उभा केला असं मी म्हटलं की ती म्हणायची, संसार तिचा तिनं केला, मी निसता दिवा धरला.

लग्नानंतर तिनं दुकानदार नोटा बघायला वापरतात तसली जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी घेतली. मुठीत नीट बसावी म्हणून रेणूच्या हळदीच्या साडीची एक चिंधी माझ्याकडून मागून तिच्याभोवती गुंडाळली. आणि मग तिनं भिंतीची प्रथा सुरू केली. दहावीच्या निरोपाच्या दिवशी प्रत्येक लेकरानं धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात तळवा बुडवायचा आणि अंधाऱ्या खोलीतल्या त्या भिंतीवर ठेवायचा. वाळलं की काही दिसत नाही. मग दार लावून मथुरा बॅटरी लावायची. कुणाच्या डोळ्यात धरायची नाही, हा तिचा कडक नियम. भिंतीवर निळे हातच हात उगवायचे, आदल्या वर्षांचे फिकट, यंदाचे ठळक. रडायला आलेली पोरं ओरडत, नाचत बाहेर पडायची. मलाही तिनं एकदा हात उमटवायला लावला. पोरं तिला म्हणायची, म्याडम, तुमचा बी ठेवा. ती म्हणायची, मग दिवा कोण धरील?

रंगारी परवा आला. गणेश, आमच्याच शाळेचा. बॅटरी मी सखारामच्या घरून आणली. त्याच्या बायकोनं ती देवळीत, देवाशेजारी ठेवली होती. मुख्याध्यापक, गणेश आणि मी खोलीत गेलो, दार लावलं, आणि मी बटण दाबलं. सरांनी पुढे होऊन आपला तळवा एका लहानशा हातावर ठेवून पाहिला. गणेश मात्र भिंतीला नाक लावून शोधत होता, आणि करंगळी वाकडी असलेला स्वतःचा हात सापडल्यावर लहान पोरासारखा हसला. सर म्हणाले, "तीनच भिंती रंगवा." मग त्यांनी विचारलं की मथुरा म्याडमचा हात यातला कोणता. मी सांगितलं, तिचा नाही. सांगताना मुठीतली चिंधी मी घट्ट धरली.

दाराबाहेर मी बोलावलेली यंदाची दहावी जमलीच होती. सगळे आत आले. दार उघडंच होतं, भिंत पुन्हा कोरी. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, जे दिसत न्हाई ते हाय, हे कशावरून?" मथुराची कितीतरी वाक्यं मी पाठ करून गेले होते, दोर, रिबीन, वसमतचा रस्ता... ऐनवेळी एकही आठवलं नाही. मी दार लोटून घेतलं.

"थांब," म्हटलं, "दावते."