भाऊजींना डिस्क दिसली

पुण्यात बरोबर असणाऱ्या माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान जितके सतत आणि घराला न परवडण्याइतके बरोबर असायचे, तितका बरोबर माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांनी मला कधी चुकीचा पत्ता सांगितला नाही, चुकीची बस दाखवली नाही. त्यांच्या बरोबर असण्याची किंमत मात्र दुसऱ्याच कुणीतरी मोजायची, आणि ते दुसरं कुणीतरी बहुतेक वेळा माझी ताई असायची.

छापलेला मजकूर शेवटपर्यंत वाचायचा, हा त्यांचा पहिला नेम. औषधाच्या खोक्यातली ती मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांची घडी, गॅस सिलिंडरवरच्या सूचना, नाट्यगृहातल्या आसनामागे चिकटवलेली पट्टी, काही म्हणून सुटायचं नाही. धायरीचा फ्लॅट घेताना त्यांनी सगळा करार उभ्याउभ्या वाचून काढला. तोवर बिल्डरचा माणूस दोनदा चहा पिऊन आला. मग भाऊजी म्हणाले, "तुमच्या कागदावर लिफ्ट आहे. जिन्यापाशी मला दिसली नाही. आपण दोघांपैकी कोणाचा चष्मा बदलायचा?" लिफ्ट आजतागायत आलेली नाही. ताई गुडघे धरून तिसरा मजला चढते. पण भाऊजींचं म्हणणं बरोबर होतं.

पिंपरीकडच्या एका कारखान्यात ते देखभाल विभागात होते. बंद पडलेलं यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत त्याच्याजवळून हलायचे नाहीत. पुढे तिथे कम्प्युटर आले आणि त्यांवरची सिस्टिम फुकट उतरवलेली, म्हणजे चोरीची आहे, हे भाऊजींनी साहेबांना लेखी कळवलं. त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तेव्हा साहेबांना पहिली इच्छा भाऊजींची आठवली. घरी बसल्यावर त्यांना लिनक्सचा शोध लागला. फुकट आहे आणि चोरीची नाही, अशी सिस्टिम जगात आहे हे कळल्यावर त्यांचं जे झालं, ते लोकांचं गुरू भेटल्यावर होतं. शबनममध्ये सीड्या आणि एक स्क्रू-ड्रायव्हर टाकून ते घरोघर जाऊ लागले. लग्नात आहेर म्हणून सीडी. मुंजीत सीडी. एका बारशाला त्यांनी पाळण्यात सीडी ठेवली, ती बाळाच्या आजीनं आरसा समजून खिडकीत टांगली.

मी तेव्हा नुकताच डब्यांचा व्यवसाय सुरू केला होता आणि गिऱ्हाइकांचे पत्ते ठेवायला एक कम्प्युटर घेतला होता. भाऊजी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "मेहुणीबाई, यातली सिस्टिम विकतची की चोरीची?"

"चहा विकतचा आहे. तो घ्या."

"चोरीच्या पाटावर बसून सत्यनारायण सांगायचा प्रकार आहे हा," असं म्हणून ते चहा न घेता गेले. मी तो चहा प्यायले. वाया कशाला घालवायचा?

नोकरी गेल्यावर घर चालवलं ताईनं. तिनं हॉलच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोपऱ्यात कम्प्युटर मांडला आणि मराठी टायपिंग सुरू केलं. पत्रिका, प्रबंध, सोसायट्यांचे अहवाल. हात इतका बसला की डाव्या बाजूला भाजी शिजत ठेवून उजवीकडे ती छपाईचं पान लावायची. मग आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका तिच्याकडे आली. आम्ही दोघी त्याच शाळेत शिकलो. जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी, बाईंचे लेख, फोटो, सगळं ताईनं एकटीनं जुळवायचं होतं, आणि समितीनं कबूल केलं होतं की आतल्या पानावर छापू, 'अक्षरजुळणी आणि मांडणी', पुढे ताईचं नाव. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं टाइप करणाऱ्या बाईला याचं काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं, "नाव माहेरचं घालू की सासरचं, ग?" मी म्हटलं, "दोन्ही घाल. जागा आहे."

स्मरणिका दसऱ्यानंतर लगेच छापखान्यात जायची होती. काम जवळजवळ संपलं होतं, आणि त्याच सुमारास घरात नवा कम्प्युटर आला. ताईचे मराठी टाइप फक्त नेहमीच्या सिस्टिमवर चालायचे. म्हणून भाऊजींनी ठरवलं, नव्या मशीनवर दोन बिऱ्हाडं मांडायची, एका बाजूला ताईची सिस्टिम, दुसऱ्या बाजूला लिनक्स.

ताई म्हणाली, "अहो, आधी स्मरणिका छापखान्यात जाऊ दे. मग काय घालायचा तो गोंधळ घाला."

"तुझं सगळं जुन्या मशीनवर आहे. नव्यावर तुझी एक ओळ नाही. मग तुझी अडचण काय?"

बरोबरच होतं.

भाऊजींनी नव्या मशीनमध्ये सीडी घातली, आणि सीडीनं विचारलं, सिस्टिम ठेवू कुठे? इथे डिस्कच नाही. डिस्क होती. पेटी उघडल्यावर डोळ्यांना दिसत होती, हाताला लागत होती, नेहमीची सिस्टिम तिच्यावरून सुरूही होत होती. फक्त लिनक्सला ती दिसत नव्हती. भाऊजींनी वायर काढून घातली, दुसरी घातली, सीडी पुसली, दुसरी सीडी आणली. पेटीपाशी मांडी घालून ते मशीनची समजूत काढायचे, "अगं, आहे ना तुझ्या पोटात, नीट बघ बरं. घाई नाही." ताई मला म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला."

शेवटी त्यांनी इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या मंडळात प्रश्न टाकला. तिथे तातडीनं उत्तर आलं, 'अरे काका, मशीन चालू करताना सेटिंगमध्ये जा. डिस्क 'रेड' मोडवर असेल, साध्या मोडवर टाक, लगेच दिसेल.' भाऊजींनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि उत्तर लिहिलं, 'आपली ओळख नाही. एकेरीत उत्तर देणाऱ्याचा सल्ला मी घेत नाही.' आणि तो विषय तिथे संपला. तो मुलगा बरोबर असू शकतो, ही शक्यता त्याच्या 'अरे'नंच मारून टाकली.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. कारखान्यात असल्यापासून भाऊजी या दिवशी हत्यारांची पूजा करतात. देवावर विश्वास नाही, पण पान्यावर आहे. ताई झेंडू आणायला मंडईत गेली. आणि घरात एकटे असताना भाऊजींच्या मनात आलं, हे मशीन कुठलीच डिस्क ओळखत नाही की फक्त नवी ओळखत नाही, ते तपासावं. रीत बरोबर होती. त्यांनी ताईच्या जुन्या कम्प्युटरमधली डिस्क काढली आणि नव्याला जोडली. सीडी घातली. पडद्यावर एक डिस्क आली. एकच.

आयुष्यभर सिलिंडरवरचं वाचणाऱ्या माणसानं त्या दिवशी पडद्यावरची ओळ वाचली नाही. तिच्यात डिस्कची क्षमता लिहिलेली होती, आणि ती स्पष्टपणे जुन्या, लहान डिस्कची होती. पण इतके दिवस जिची आळवणी केली ती दिसली, एवढंच त्यांना दिसलं. तिच्यावरचं सगळं पुसू का, असं सीडीनं विचारलं. ते हो म्हणाले.

मी त्या दिवशी ताईबरोबरच होते. आम्ही जिना चढून आलो तेव्हा भाऊजी दारातच उभे होते, हसत, आणि म्हणाले, "दिसली! अगं, दिसली एकदाची!" ताईनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही मशीन बघितली, जुन्याचं उघडं पोट बघितलं. ती पडद्याशी गेली आणि उभीच राहिली. तिच्या आधी मला कळलं नाही, पण भाऊजींच्या आधी तिला कळलं.

"दुसरीकडे उतरवून ठेवलं होतंस ना?" मी विचारलं.

"आज पूजा झाली की उतरवणार होते," ताई म्हणाली. मग भाऊजींकडे न बघता म्हणाली, "दिसली ना तुम्हाला? मग झालं."

तिनं झेंडू निवडायला घेतला.

भाऊजींनी पुसलेलं परत मिळवायचे सगळे प्रयोग केले. कुठे अर्धा लेख, कुठे कोणाच्या आठवणीतली मधलीच ओळ, बाकी चौकोन. समितीला थांबायला वेळ नव्हता. त्यांनी हस्तलिखितं उचलली आणि काम नारायण पेठेतल्या एका टायपिंगवाल्याकडे नेलं. स्मरणिका छापून आली, आतल्या पानावर नाव दुसऱ्याचं. ताईनं ती उघडलीसुद्धा नाही. भाऊजींनी मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचली. पानापानावर चुका होत्या, मीही पाहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या कुणाला दाखवल्या नाहीत. मग गुपचूप सेटिंग बदलून बघितलं. नवी डिस्क लगेच दिसली. मंडळात त्यांनी लिहिलं, 'आपलं उत्तर बरोबर होतं.' तो मुलगा हसऱ्या तोंडाचं चित्र टाकून मोकळा झाला. त्याला काय माहीत?

ताईनं टायपिंग सोडलं. ती आता एका क्लासच्या कचेरीत फोन घेते. मी भाऊजींना पुष्कळ वर्षं सोडलं नाही, तोंडावर बोलून घेतलं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण गेल्या महिन्यात माझा लॅपटॉप रखडायला लागला, तेव्हा मीच त्यांना बोलावलं. त्यांनी चहा घेतला. मग विचारलं, "आत काय काय आहे?" मी म्हटलं, "डब्यांचे पत्ते, बाकी फालतू." ते म्हणाले, "फालतू की नाही ते मी नाही ठरवणार. सगळं दुसरीकडे उतरव. उघडून दाखव मला." प्रत्येक गोष्ट उघडून दाखवेपर्यंत त्यांनी शबनमला हात लावला नाही. पडद्यावर डिस्कची ओळ आली तेव्हा त्यांनी ती मोठ्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि हात मांडीवर ठेवून म्हणाले, "आता तू दाब."

खंडेनवमीला ते अजून पाट मांडतात. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, पिवळ्या पडलेल्या सीड्या, आणि शेवटी ती जुनी डिस्क. ताई मंडईतून झेंडू आणते आणि एकेका वस्तूवर एकेक फूल ठेवत जाते. डिस्कपाशी आली की थांबते, ताम्हन खाली ठेवून आत जाते. तिथलं फूल भाऊजी ठेवतात. संध्याकाळी पाट ती उचलते. बाकीची फुलं काढते, ते एक राहू देते.