इंटरवलपर्यंतची स्टोरी

अकोला, अमरावती आणि पंचक्रोशीतल्या तमाम रसिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जगात आजवर फक्त एकच सिनेमा निघालेला आहे. बाकी जे जे तुम्ही तिकीट काढून पाहिलेत, ती त्याच सिनेमाची कपडे बदललेली भावंडं. घोषणा संपली. मंडळींनी जेवून घ्यावे.

हसलात ना? मीही हसूनच सुरुवात करतो, सवय आहे. अकोल्यात साडीच्या दुकानात गादीवर बसतो मी, आणि लग्नात, गणपतीत, कुणी रिटायर झालं की त्याच्या समारंभात माइक माझ्या हातात असतो. सुधाकर बोलायला उभा राहिला की लोक खुर्च्या पुढं ओढतात. पण आज जे सांगायचंय ते मी कधी माइकवर बोललो नाही. बायकोजवळ नाही. बहिणीजवळ तर नाहीच. कुणाजवळच नाही. आणि बघा — तरी सुरुवात सिनेमापासूनच करतोय. दुसऱ्या कुठल्या दारानं आत शिरायला मला येत नाही.

तर तो एकुलता एक सिनेमा. जत्रा असते. दोन भाऊ असतात. गर्दी उसळते, हात सुटतो. एक पोलिसाच्या घरी वाढतो, दुसरा चोराच्या. वीस वर्षं एका गाण्यात जातात. मग गोदाम, रिकामी पिंपं, आणि दोघं एकमेकांना बदडत असताना शर्ट फाटतो — नेमका तिथंच फाटतो, जिथं गोंदण असतं. आंधळी आई खांबाला बांधलेली. भेट. शेवट. कधी गोंदणाऐवजी तावीज असतो, कधी लहानपणीचं गाणं. कधी जत्रेऐवजी पूर. पण भेट चुकत नाही.

माझं गाव तिवस्याजवळ. कौंडण्यपूरच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि गावातले एखाद-दोघंच तो पाहून यायचे. मग कापूस वेचणीच्या दिवसांत तो सिनेमा अख्ख्या शेताचा व्हायचा. आमच्याकडं रीतच होती — ज्यानं सिनेमा पाहिला त्यानं ओळीच्या मधून चालत स्टोरी सांगायची, कापूस वेचायचा नाही. त्याच्या वाट्याची ओटी बाकीच्या बाया भरायच्या, मूठ-मूठ. अट एकच. भेट झाल्याशिवाय स्टोरी सोडायची नाही. दिवस बुडाला तर घराकडं चालता चालता सांगायची, पण भेट घडवूनच थांबायचं. अर्ध्यावर सोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी मूठभर कापूस देत नसे.

नवव्या-दहाव्या वर्षी मी तो मान पटकावला. सगळ्या बाया हसायच्या, रडायच्या, खलनायकाला शिव्या द्यायच्या. शेजारच्या ओळीत माझी माय असायची. ती हसायची नाही, रडायचीही नाही. फक्त भेटीच्या वेळी तिचे हात थांबायचे. मी त्या थांबलेल्या हातांकडं बघत बघत स्टोरी लांबवायचो. तेव्हापासूनची आहे ही सवय — लांबवायची.

आता दत्तादादाचं सांगतो. सांगायलाच पाहिजे.

दत्तादादा माझा मोठा भाऊ. तो जत्रेत हरवला नाही, स्वतःच्या पायांनी गेला. सुनंदावहिनी बार्शीटाकळीची, बौद्ध घरातली, आमच्या भागातल्या दवाखान्यात नर्स होती. दोघांनी लग्न केलं आणि पाया पडायला घरी आले. बाबा दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "आमचा एक पोट्टा मेला असं समजतो आमी." दादानं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. तो बाबांच्या खांद्यावरून आत बघत होता — तिथं माय उभी होती, चौकटीला हात लावून. तो बराच वेळ थांबला. माय काहीच बोलली नाही. मग तो वळला, वहिनीच्या हातातली पिशवी घेतली आणि गेला. मीही होतो तिथं, विशीतला. मीही बोललो नाही. पण माझ्या बोलण्याची कुणी वाट पाहत नव्हतं.

वहिनीची बदली गडचिरोलीकडं झाली, एवढंच कानावर आलं. पुढं काही नाही. बाबांच्या आजारपणात शेत गेलं, मग घर, मग बाबा. मायचे डोळे काचबिंदूनं गेले. ती अमरावतीला शोभाताईकडं, माझ्या बहिणीकडं राहायला गेली. डोळ्यांचा डॉक्टर तिथं चांगला म्हणून — असं आम्ही लोकांना सांगायचो. मुलगा अकोल्यात असताना आई लेकीकडं का, असं विचारणाऱ्यांना काहीतरी सांगावं लागतं ना?

त्याचं प्रायश्चित्त म्हणा, हौस म्हणा, दर रविवारी दुपारी मी मायला फोनवर सिनेमा सांगायचो. शोभाताई फोन स्पीकरवर टाकून तिच्या उशाशी ठेवायची आणि भांडी घासायला जायची. सुरुवातीला मी खरंच सिनेमा पाहून सांगत होतो. पण आताच्या सिनेमांत भाऊ कुठं हरवतात? माय मध्येच विचारायची, "त्यात भाऊ हाय का?"

"नाही माय, यात भूत आहे."

"मंग राहू दे."

राहू दे म्हणजे? माझी एकच तर श्रोती. मग मी हरवलेला भाऊ सगळीकडं घुसवायला लागलो. भुताच्या सिनेमात भूत हाच थोरला भाऊ निघाला. दक्षिणेतून आलेल्या हाणामारीच्या सिनेमात नारळाच्या झाडावर चढणारा गडी धाकटा निघाला. एका अंतराळाच्या सिनेमात तर मी एक भाऊ चंद्रावर ठेवला. माय म्हणाली, "तिथी काय खात असन लेका तो?" मी पोस्टर बघायचो आणि बाकीचं रचायचो. पुढं पोस्टर बघणंही सोडलं. एकच सिनेमा होता, सांगतोय ना मी तुम्हाला. प्रत्येक वेळी शेवटी भेट व्हायची, आणि फोनवर माय गप्प व्हायची. तिचे हात आता दिसत नव्हते, पण थांबलेले कळायचे.

ती सिनेमा ऐकत नव्हती, हे मला माहीत होतं. अगदी पहिल्यापासून माहीत होतं. भेट झाली की एक लांब श्वास, आणि मग ठरलेलं वाक्य — "दत्त्याचा काही पत्ता लागला का रे?" मी म्हणायचो, नाही माय. आणि तेव्हा ते खरंच होतं.

इथं मी थोडा थांबतो. पुढचं लवकर सांगून मोकळं व्हावं असं वाटतं, आणि सांगूच नये असंही वाटतं.

चार-पाच वर्षं झाली असतील. लग्नसराई होती. दुकानात एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस आला. लेकीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या म्हणाला. बायको आणि मुलगी बांगड्या घ्यायला पुढं गेल्या आहेत, त्या येईस्तोवर पाहून ठेवतो म्हणाला. मी एकामागून एक साड्या उलगडायला लागलो, तोंड चालूच होतं. तो साड्यांकडं पाहत नव्हता. म्हणाला, "सुध्या, तू अजून तसाच बोलते रे."

शर्ट फाटायची गरजच पडली नाही.

आम्ही गळ्यात पडलो नाही. मध्ये गादी होती, गिऱ्हाईकं होती, मालक गल्ल्यावर होता. चहा मागवला. तो रिटायर होऊन बार्शीटाकळीला घर बांधून राहिला होता — अकोल्यापासून बसनं तासाभराच्या आत. बाबा गेल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. माय आहे, शोभाताईकडं आहे, दिसत नाही तिला, हे मी सांगितलं. त्यानं लेकीसाठी एक साडी बाजूला काढली. मग म्हणाला, "नऊवारी पातळ दाखव. सुती. मऊ पाहून." वहिनी नऊवारी नेसत नाही. मला कळलं. मी उतरवली, जांभळ्या काठाची. तो तिच्यावरून हात फिरवत राहिला आणि मग, मान खाली ठेवूनच, त्यानं विचारलं —

"माय इचारते का रे मले?"

किती सोपा प्रश्न होता. उत्तर मी दर रविवारी ऐकत होतो. माझ्याइतकं ते उत्तर जगात कुणालाच माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "नाही दादा."

का म्हणालो? जात होती का मध्ये? नाही, बाबांबरोबर ती भिंत गेली होती, निदान माझ्यापुरती. जमीन उरली नव्हती की वाटणी व्हावी. मग? — बायको तेव्हा मुलीच्या नोकरीसाठी पुण्याला गेली होती, अजून तिथंच आहे. घरी दोन खोल्या आणि मी. मांडवात शेकडो लोक हसायचे आणि माइक बंद झाला की वायर गुंडाळणाऱ्याखेरीज माझ्याजवळ कुणी नसायचं. आठवड्यात एकच तास असा होता की कुणीतरी कान लावून माझी वाट पाहायचं. माझीच? की माझ्या तोंडून दुसऱ्याची? ज्या दिवशी दत्ता तिच्यासमोर जाऊन बसेल, त्या दिवसापासून हरवलेल्या भावाची स्टोरी ऐकायची तिला गरज काय? भेटीनंतर सिनेमा कुणी पाहतं का? लोक चपला शोधायला लागतात.

एवढा सगळा विचार मी तेव्हा केला नव्हता, तो नंतरचा आहे. तेव्हा फक्त शब्द निघून गेला. पण निघालेला शब्द परत घ्यायला अख्खा चहा संपेपर्यंत वेळ होता. मी घेतला नाही.

दादानं मान हलवली. जणू त्याला ते माहीतच होतं, चौकटीला हात लावून उभी असलेली माय त्याला पुन्हा दिसली असावी. त्यानं पातळ माझ्याकडं सरकवलं. "राहू दे मंग," म्हणाला. मी त्याच्यासमोरच ते घडीवर घडी घालून ठेवून दिलं. हात सराईत आहेत माझे, एक सुरकुती पडली नाही. त्यानं नंबर दिला. तो मी मोबाइलमध्ये 'साडी बार्शीटाकळी' या नावानं ठेवला, गिऱ्हाइकांचे ठेवतो तसा.

आणि अजून संपलेलं नाही. याहून वाईट पुढं आहे.

त्या रविवारी मी मायला नवा सिनेमा सांगितला. दोन भाऊ. थोरला म्हातारा होऊन साडीच्या दुकानात येतो. धाकटा गादीवर बसलेला असतो. थोरला त्याला आवाजावरून ओळखतो. सगळं सांगितलं मी — चहा, जांभळे काठ, मऊ सूत. इतकं रंगवून कधीच सांगितलं नसेल. कशासाठी? वाटलं असेल, असं सांगून टाकलं की सांगितल्यासारखं होईल. की तिला थांबलेलं ऐकायचं होतं मला? खरंच माहीत नाही.

माय पलीकडं श्वाससुद्धा घेत नव्हती. मग तिनं विचारलं, "अन् मंग त्यानं मायले जाऊन सांगतलं का?"

मी म्हणालो, "इथं इंटरवल झालं, माय."

पुढच्या रविवारी मी दुसराच सिनेमा काढला. ती म्हणाली, "तो दुकानाचा पुरा कर ना." मी म्हणालो, त्याचा उरलेला भाग पाहायचा राहिला. त्याच्या पुढच्या रविवारीही तिनं विचारलं. मग पुढंही. आमच्या शेतात असल्या माणसाला मूठभर कापूस मिळाला नसता. माय तर रविवारी दुपारी फोन वाजायच्या आधीच उशीला टेकून बसायची, शोभाताई सांगायची.

मला रोज वेळ होता. नंबर खिशात होता. अमरावतीची बस दर थोड्या वेळानं सुटते. सण आले, गेले. दादाच्या लेकीचं लग्न झालं, त्याचं बोलावणं आलं, मी दुसरीकडं माइक धरलाय म्हणून गेलो नाही.

गेल्या थंडीत माय गेली. ताप आला आणि गेली. शोभाताईचा फोन आल्यावर मी पहिला फोन 'साडी बार्शीटाकळी'ला लावला. तो माझ्या खात्यात चांगुलपणा म्हणून धरू नका. आता त्याच्या येण्यानं माझं काही जाणार नव्हतं, म्हणून लावला.

दुपारी दादा आला. अमरावतीला शोभाताईच्या अंगणात मायला ठेवलं होतं, माणसं कडेनं उभी होती. सुनंदावहिनी त्याच्या मागं होती. तो पायापाशी बसला आणि मायच्या तळपायाला हात लावून राहिला. गळ्यात पडणं नाही, रडणं नाही, कुणी कुणाला ओळखलं म्हणून ओरडणं नाही. शोभाताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं त्याला पाहिलं आणि तांब्या हातातच राहिला.

ती जे बोलली ते ऐकून दादानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडंच. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. मग पुन्हा पायांकडं वळला. त्या दिवशी तो मला काही बोलला नाही. तेराव्याला आला, तेव्हाही नाही. पुढंही कधी नाही, आणि शोभाताईला त्यानं काही सांगितलेलं नाही. ती आजही म्हणते, सुधाकरनं शोधून काढलं दादाला. मी तिला तसं म्हणू देतो.

अंगणात सगळ्यांसमोर, तांब्या हातात धरून, ती एवढंच बोलली होती —

"दादा, कुठी होता रे तू? माय तं रोज तुलेच इचारे."