मुईची परवानगी

माक काकांनी जन्मभर हत्तीचे दात घासले. स्वतःचे कधी घासले असतील असं त्यांच्याकडं बघून वाटत नसे. कारागीर हस्तिदंत कोरून देत आणि काका चाकावर धरून तो गुळगुळीत करत. मग त्या व्यापारावर बंदी आली, चाक थांबलं, आणि काका हाँगकाँगच्या याऊ मा तेई भागातल्या आमच्या चहाघरात दिवसभराच्या मुक्कामाला आले. मी तिथं खाण्याच्या वाफाळत्या करंड्यांची गाडी फिरवते. दुपारी मी फरशी पुसायला घेऊन 'काका, पाय उचला' म्हणेपर्यंत ते हलत नसत.

डोक्यावरच्या खिळ्याला त्यांचा पिंजरा असे. त्यात पिवळ्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा. मादी ती. नाव मुई, म्हणजे धाकटी बहीण. आमच्याकडं लाडक्या लेकीलाही मुई म्हणतात आणि भाजीवालीलाही. काकू गेल्यावर काकांच्या घरात बोलणारं तेवढंच कुणी उरलं होतं, आणि बोलणं म्हणजे तरी काय, शिव्याच. ज्या खलाशानं तिला विकलं, त्यानं भाषा वर फुकट दिली होती.

त्या वर्षी हाँगकाँगात जो तो निघाला होता. सत्त्याण्णवला इंग्रज जाणार, त्याआधी आपण सुटू, असा एकेकाचा बेत. काकांचा लेक लुन टोरोंटोत होता. त्याला मुलगा झाला, आणि फोनवर नातवाचं रडणं ऐकून काकांनीही ठरवलं.

"एकदा त्याला मांडीवर घेतला की मी मरायला मोकळा," ते म्हणाले. "पण मुईला टाकून जायचा नाही."

"तिकडं बर्फ पडतं काका," ट्रामवाला छिउ म्हणाला. "शिव्या चोचीतच गोठतील तिच्या."

"मग चहात वितळवून ऐकीन."

पोलिसांनी बोटांचे ठसे घेऊन काकांना चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला. पुढं कॅनडाच्या कचेरीत मुलाखत. सोबतीला मी गेले. गोरा साहेब विचारी आणि दुभाषी बाई आमच्या भाषेत सांगे.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि मुई."

"मुईचं वय?"

"वीस-बावीस असेल. विकणारा खलाशी तसं म्हणाला होता."

दुभाषी बाईंनी चष्म्यावरून काकांकडं पाहिलं. "काम काय करते?"

"काम कसलं? दाणे खाते आणि ओरडते."

"लग्न झालंय?"

"कोण करील? चावते."

मी काकांच्या पायावर पाय दिला, तर ते माझ्यावरच खेकसले, "अगं, खरं तेच सांगतोय ना?" साहेबानं सगळं गंभीर चेहऱ्यानं टिपून घेतलं आणि फर्मावलं, छातीच्या फोटोला येताना त्या मुलीलाही आणा.

काका आज्ञाधारक. त्या दिवशी पिंजरा घेऊन दवाखान्यात हजर. मुईनं डॉक्टरला दारातच दोन शिव्या हासडल्या तेव्हा कुठं सगळा उलगडा झाला. पाखराचा परवाना तुमच्या सरकारकडून आणा, असं दवाखान्यातल्यांनी सांगितलं आणि काकांच्या एकट्याच्या छातीचा फोटो काढला.

"हत्ती गेला, शेपूट राहिलं," काका खुशीत म्हणाले.

परवान्यासाठी दुर्मिळ प्राण्यांच्या खात्यातले सेतो साहेब चहाघरातच तपासणीला आले. सासऱ्याची कंबर धरलेली असताना त्याच्याच उशाखालून वाघाच्या हाडाची भुकटी जप्त करणारा हा माणूस. फुकटचा चहा घेत नसत. आमच्या आचाऱ्यानं मोठ्या हौसेनं विचारलं, "कोळंबीचे मोदक कसे झालेत?" तर म्हणाले, "मागच्या वेळी बरे होते."

त्यांनी मुईचे पाय बघितले, चोच बघितली, कुठून आणली, कधी आणली, सगळं खोदून विचारलं. मुईनं त्यांच्या आईचा उद्धार केला. साहेबांनी शांतपणे लिहिलं, 'आवाज निरोगी.'

"माझीसुद्धा एवढी चौकशी झाली नाही," काका फुशारकी मारत. "ती पडली दुर्मिळ. आपला काय, बाजारात ढीग लागलाय."

पण शेपूटच अडकलं. फोटोत काकांच्या छातीत धूळ निघाली, जन्मभर घासलेल्या दातांची. असा माणूस आमच्या देशात नको, असं कॅनडानं कळवलं. ते पत्र मीच वाचून दाखवलं. काकांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "फोंग, कुणाला सांगू नकोस." मला त्यांचा फार कळवळा आला, आणि मी पत्राची घडी करून त्यांच्या खिशात सरकवली.

दुसऱ्या सकाळी काकांनी चहाघरात जाहीर करून टाकलं, "मुईला परवानगी नाकारली. मग मीही नाही जात. सरकारच नाठाळ, त्याला कोण काय करणार?" माणसाला नको म्हटलं हे सांगायला तोंड लागतं. पाखराला नको म्हटलं, हे कुणालाही सांगता येतं. लुनलाही फोनवर त्यांनी हेच सांगितलं. लोकांनी सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मुईनं साथ दिली.

काही दिवसांनी सेतो साहेब दारात उगवले. गाडी घेऊन मीच समोर होते. "मुईचा परवाना झाला," ते म्हणाले. "म्हटलं, काकांना स्वतः सांगावं." मी त्यांना थांबवणार, तेवढ्यात छिउनं त्यांना पाहिलं.

"या साहेब, या. पाखराला अडवून म्हाताऱ्याला नातू दिसू दिला नाहीत, ते तुम्हीच ना?"

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. साहेबांनी काकांकडं पाहिलं. काका मान खाली घालून कपात बघत होते. मी गाडीची मूठ घट्ट धरली.

"हो," साहेब म्हणाले. "मीच अडवलं. वय झालंय तिचं. प्रवास झेपायचा नाही."

त्यांचे कान लालभडक झाले होते. छिउनं आणखी चार शब्द सुनावले, तेही त्यांनी उभ्या-उभ्या ऐकून घेतले. मग ते काकांच्या टेबलाशी बसले, किटली उचलली आणि काकांच्या कपात चहा ओतला.

आमच्याकडं कुणी चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची, तोंडानं आभार मानावे लागत नाहीत. कप भरला, साहेबांनी किटली खाली ठेवली, तरी काकांची बोटं टेबलावर वाजतच राहिली.