केव्हाही दाखवता येईल

दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. डॉक्टर, सिस्टर, औषधं देणारा, झालंच तर तिच्याहून मोठे पेशंटसुद्धा. वय अवघं एकोणचाळीस. पण हातात पोछा असला की बाई आपोआप मावशी होते. आणि मावशीला दिवस गेले असतील, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तिच्याही आलं नव्हतं. पाळी थांबली तेव्हा तिला वाटलं, चला, सुटले एकदाची. मग एका सकाळी जिना पुसताना पोटात काहीतरी वळवळलं, आणि ती बादलीशेजारी मटकन खालीच बसली. घरात लेक कॉलेजात जाणारी. तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दाखवून घे. तुला काय, तू तिथेच तर असतेस. केव्हाही दाखवता येईल."

हे 'केव्हाही' काही येईना. गरोदर बायकांची तपासणी मंगळवारी, नऊ ते अकरा. ठेकेदाराचा मुकादम फेरी मारायचा तोही त्याच वेळात, आणि फरशी कोरडी दिसली की खाडा. रांगेत बसावं की पोछा मारावा? उरलेले सहा दिवस डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी.

त्यात सिस्टरचं तोंड. तपासणीच्या खोलीत मधोमध हिरवा पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर. मावशी अलीकडे पुसायची तेव्हा तिला पलीकडचे फक्त पाय दिसायचे.

"पाचवा लागला? आणि आज उगवतेस? इतके दिवस काय झोपा काढत होतीस?"

पलीकडच्या पायांची बोटं आत वळायची. मावशीचीही वळायची. पाचव्याला एवढं ऐकावं लागतं, मग आपल्याला काय ओवाळणार आहेत? त्यातून आपण रोज इथेच. पुढच्या मंगळवारी बघू. मंगळवार येई, पोट आणखी पुढे आलेलं असे, आणि सांगायला तोंड आणखी कमी उरलेलं.

घरी लेकीनं विचारलं, "आई, युनिफॉर्म घट्ट झाला का गं?"

"वजन वाढलंय. उसवून दे जरा."

लेकीनं मुकाट्यानं शिवण उसवून दिली.

असे आठ मंगळवार गेले. आठव्याला डोकं सकाळपासून ठणकत होतं. चपलेत पाय मावेनात, म्हणून ती टाचा बाहेर काढून फरफटत पुसत होती. पडद्यापलीकडे सिस्टरचं पेन पडलं. ते उचलायला सिस्टर वाकली आणि तशीच थांबली.

"मावशी, हे पाय कुणाचे?"

"माझेच की. उभं राहून राहून सुजलेत."

सिस्टरनं पडदा सारला. गुडघ्यावर बसून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरायचं नावच घेईना. सिस्टरची नजर हळूहळू वर आली आणि पोटाशी थबकली.

"कितवा?"

"सहावा संपत आला."

मावशीची बोटं आत वळली. सिस्टरनं तोंड उघडलं, मिटलं. "रोज माझ्या टेबलाखाली पुसतेस तू," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

प्रेशर दोनदा घेतलं. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा घेतलं. "आज घरी जायचं नाही. प्रेशर फार आहे. तुलाही धोका, बाळालाही."

"फरशी अर्धी राहिलीये."

"राहू दे," सिस्टर म्हणाली. "घरी कुणाला कळवू?"

नवरा कामावर, त्याला फोन ठेवू देत नाहीत. राहता राहिली लेक. शेवटी मावशीनं डोळे मिटून लेकीचा नंबर सांगितला.

तासाभरात लेक आली, हातात कपड्यांची पिशवी. खाटेशी उभी राहिली. मावशीनं चादर पोटावर ओढली.

"झाकतेस काय?" लेक म्हणाली. "शिवण मीच उसवली ना. मला काय कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तूच सांगशील म्हणून वाट बघत होते." तिनं पिशवी खाली ठेवली. "आणि मला वाटलं, दाखवलंच असशील. तू इथेच असतेस ना, आई."

मावशी जरा भिंतीकडे सरकली. लेक खाटेच्या कडेवर बसली आणि आईचे पाय उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतले.