कुंकवाखालचा आकडा

मी भांडकुदळ बाई आहे, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी शाळेचा शिपाई दारात आला, गुरुजींना चौकीवर बसवून ठेवलंय, त्यांचं वाजवायचं घेऊन तुम्हाला बोलावलंय म्हणाला, तेव्हा मी एका शब्दानं वाद न घालता आत वळले.

वाजवायचं म्हणजे यांचं मँडोलिन. सोलापूरच्या जुन्या बाजारात कुणा अनोळखी माणसाकडून घेतलेलं, ना पावती ना काही. मी तेव्हाच म्हणाले होते, अहो, निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत घरं लुटली, त्यातल्या चीजवस्तू अजून बाजारात फिरतात म्हणे. हे कुणाचं असेल कुणास ठाऊक! हे नुसते हसले आणि तारा जुळवत बसले. माझा जीव मात्र तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता.

पोर शेजारणीकडं टाकलं, मँडोलिन जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि तुळजापूरचा तो उतार उतरायला लागले. पायऱ्यांवर बसलेल्या बाया बघत होत्या. लुगड्यातून एक तार वाजली की मला वाटायचं, आता सगळ्या गावाला कळलं. यांची मास्तरकी सरकारी. चोरीचा माल घरात सापडला म्हटल्यावर नोकरी तर जाणारच, वर तुरुंग. आई भवानी, एवढं निभावून ने, असं सारखं म्हणत होते.

चौकीत हे बाकावर बसले होते, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. समोर खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते, शेरवानीतले. नळदुर्गचे वकील, तारखेला इथल्या कोर्टात आलेले. आदल्या दिवशी शाळेच्या गॅदरिंगात यांनी वाजवलेलं त्यांनी रस्त्यावरून ऐकलं होतं, आत येऊन वाद्य पाहिलं होतं आणि जमादाराकडं गेले होते. त्यांचा मुलगा त्या धामधुमीत मारला गेला होता. घर लुटलं, त्यात मुलाचं मँडोलिन गेलं. ते हुबेहूब असंच होतं, तोंडाभोवती शिंपल्याची फुलं बसवलेलं.

वकीलसाहेब आवाज न चढवता बोलत होते. मुंबईचा हा कारागीर म्हणे प्रत्येक वाद्याच्या डोक्यावर, खुंट्यांच्या मधे, नंबर ठोकतो, आणि त्यातले पहिले दोन आकडे सालाचे असतात. विकत घेताना दुकानदारानंच सांगितलं होतं. मुलाच्या वाद्यावर चव्वेचाळीस होते.

जमादारानं लुगडं सोडलं. डोक्यावर आकडा कुठं होता? तिथं होतं कुंकू. घरात आणलं त्या दिवशी मी लावलेलं, मग दर खंडेनवमीला तेल आणि कुंकू, तेल आणि कुंकू, असा बोटभर खपला झालेला.

नंबर लपवायला थापलंय, असं जमादार म्हणाला. माझी जीभ सुटलीच. "खंडेनवमीला तुमच्या बंदुकीला काय शेंदूर फासता? तोही लपवायलाच का?"

तो चाकू काढून खरवडायला निघाला. वकीलसाहेबांनी त्याचा हात धरला. आकडाच निघून जायचा, बाईंनाच पुसू द्या म्हणाले.

कुंकू पुसायचं, तेही नवरा चौकीत बसलेला असताना! यांच्याकडं पाहिलं तर यांचा चेहरा पांढराफटक. तेव्हा समजलं, तो आकडा यांनीही कधी बघितलेला नाही. यांना तरी काय ठाऊक, लुटीचं आहे की नाही ते!

तेल मागायचं तरी कुणाकडं? अंबाड्यात बोटं घातली, केसांचं तेल बोटांना लागलं तेवढं घेऊन चोळायला लागले. मुद्दाम शेवटाकडून सुरुवात केली. वरचं कुंकू निघत होतं आणि खाचेतलं तसंच राहत होतं, त्यामुळं एकेक आकडा लालभडक उमटत होता. शेवटचे निघाले. मग अंगठा थांबला. पुढं सरकवायचा धीर होईना.

"बेटी, पूस," वकीलसाहेब म्हणाले.

डोळे मिटून पुसलं. उघडले तर तीन, आणि त्याच्याआधी पाच. इंग्रजी आकडे मला तेवढे येत होते.

त्यांनी चष्मा लावला, नखानं दोन्ही आकडे चाचपले. त्रेपन्न. म्हणजे त्या धामधुमीनंतर पाच वर्षांनी घडवलेलं. जमादारानं यांना मानेनंच जा म्हणून खुणावलं. हे उठले, टोपी खाली पडली तरी यांना कळलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सुटलो ग बाई, सुटलो!

वकीलसाहेबांचा हात मात्र अजून वाद्यावरच होता. "माफ करा, गुरुजी," ते म्हणाले. "आवाज ऐकला, आणि वाटलं, घरातलं काहीतरी सापडलं."

मी लुगडं हातात धरून उभी होते. त्यांचा हात उचलून बाजूला करायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच तो काढून घेईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

पुढच्या खंडेनवमीला मी कुंकू आकड्याच्या खाली लावलं. वकीलसाहेबांना पुन्हा बघावंसं वाटलं तर पुसायला लागू नये म्हणून. ते काही आले नाहीत.