मामाने कापलेली खिडकी

परमेश्वराने सृष्टी घडवण्याआधी तिचा आराखडा माझ्या मामाला दाखवला असता, तर माणसाला एकच कान मिळाला असता. "दुसरा कशाला? ऐकू तर एकानेही येतं," असं म्हणून मामाने पेन्सिलीने तो खोडला असता आणि देवानेही मान डोलावली असती. जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरात एका कंपनीत मामा मोटारींच्या दारांचे आतले भाग बनवतो. बनवतो म्हणजे त्यांतलं काहीतरी कमी करतो. कुठे एक स्क्रू, कुठे अर्धा मिलिमीटर प्लास्टिक, कुठे कुणाला कधीच न दिसणारी पट्टी. बावीस वर्षं हेच. या कामाचा त्याने स्वतःपुरता एक नियम केला आहे आणि तो मंत्रासारखा सांगत असतो. "हाताला कळता कामा नये. माणसाचा हात एखादी गोष्ट शोधत गेला आणि ती तिथे नसली, तर आपली कापणी फसली. हात गेलाच नाही, तर आल्झो, म्हणजेच, ती गोष्ट नव्हतीच कधी!"

मी नोकरीसाठी पुण्याहून आले तेव्हा पहिलं वर्ष मामा-मामीकडेच राहिले, त्यामुळे हे वेड मी जवळून पाहिलं आहे. नवा शर्ट आणला की आत शिवलेलं जादा बटण उसवून मामा ते दुकानदाराला परत नेऊन द्यायचा. म्युनिकच्या गाडीत खिडकीखालची पट्टी कुरवाळत बसायचा आणि मधेच डोळे मिटून म्हणायचा, "इथला एक क्लिप कुणीतरी काढलाय. भला माणूस असणार." पण त्याची खरी समाधी लागायची ती नव्या इमारतींमध्ये. आपल्या मंडळींपैकी कुणी नवा फ्लॅट घेतला आणि सत्यनारायणाला बोलावलं, की आरती चालू असताना मामा हळूच मागे सरकायचा आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवायचा. टक टक. "जिप्स. विटा नाहीत, नुसते जिप्समचे बोर्ड," तो माझ्या कानात सांगायचा, प्रसाद मिळाल्यासारख्या चेहऱ्याने. मग यजमानांना गाठायचा. "बाथरूमला खिडकीच ठेवली नाही, पंख्यावर भागवलंय. वा! आणि ही बाल्कनी बघा, दार माणसाएवढं आणि बाहेर पाऊल ठेवायला जागा नाही, नुसता कठडा. काय कापलंय हो!" यजमान शिऱ्याचा द्रोण तसाच हातात धरून उभे राहायचे. आपण कौतुक केलं, असं मामाला मनापासून वाटायचं.

मामी या सगळ्याला कधी वैतागली नाही. तिला आयुष्याकडून फक्त स्वयंपाकघराला एक खिडकी हवी होती. जर्मनीत चार भाड्याची घरं झाली आणि चारही ठिकाणी ओट्यासमोर भिंत. "पोळ्या लाटताना समोर भिंत असली ना, की पोळ्याही भिंतीसारख्या होतात," ती म्हणायची. तिच्या कढीपत्त्याची कुंडी त्या चार घरांत या खोलीतून त्या खोलीत उजेड शोधत फिरली आणि दर हिवाळ्यात बिचाऱ्याची पानं गळली. म्हणून मामाने जेव्हा गावाबाहेर, डोनाऊ नदीच्या अंगाला होणाऱ्या एका नॉयबाऊमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कागदावरच घेऊन टाकला, तेव्हा त्या नव्या इमारतीच्या नकाशात मामीने एकच गोष्ट पाहिली. स्वयंपाकघर, पूर्वेला खिडकी, समोर शेतं आणि पॉप्लरच्या झाडांची रांग. त्या चौकोनावर तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आता पुढचं सांगताना मला अजून हसू येतं आणि हसल्यावर वाईट वाटतं. टाइल्स निवडायला बिल्डरच्या ऑफिसात बोलावलं होतं. मामीला सर्दी झालेली, म्हणून मामाबरोबर मी गेले. तिथल्या तरुण आर्किटेक्ट मुलीने नकाशा पसरला मात्र, मामाची नजर टाइल्सवरून उडाली. "बाथरूमचे पाइप इकडून आणि स्वयंपाकघराचे तिकडून? एका घरात दोन शाफ्ट?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात दुःख होतं. मग त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि स्वयंपाकघर उचलून बाथरूमच्या पाठीशी, इमारतीच्या पोटात नेऊन ठेवलं. तिथली छोटी अभ्यासाची खोली बाहेरच्या बाजूला सरकवली. पाइपांचा एक शाफ्ट गेला. मुलीने साहेबांना बोलावलं, साहेबांनी त्यांच्या साहेबांना. सहाही मजल्यांवरचा एकेक शाफ्ट वाचत होता! आम्हाला कॉफी मिळाली, केक मिळाला, मामाच्या पाठीवर थाप मिळाली. परतताना बसमध्ये तो बोहल्यावरून उतरल्यासारखा बसला होता. बस डोनाऊच्या पुलावर आली आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं," तो म्हणाला, "खिडकी."

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला, तर त्याची सूचना सगळ्यांना इतकी आवडली होती की सहाही मजल्यांचे नकाशे तसेच बदलले जात होते. एकट्या तिसऱ्या मजल्यासाठी पाइप वाकडे कोण करणार? "मामीला मी सांगेन," मामा मला म्हणाला, "तू बोलू नकोस." मी बोलले नाही. तोही बोलला नाही. इमारत वर चढत राहिली.

त्या दिवसांतले रविवार मला स्वप्नासारखे आठवतात. सकाळी आम्ही तिघं चालत तिथे जायचो. नदीवरून धुकं आलेलं असायचं, क्रेनचं वरचं टोक त्यात नाहीसं झालेलं, आणि कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून मामी वर बघत उभी राहायची. तिसऱ्या मजल्यावर पूर्वेला एक चौकोनी भोक होतं. धुकं विरळ झालं की त्यातून पलीकडचं आकाश दिसायचं. "ती ना हो माझी?" ती विचारायची. "तीच," मामा म्हणायचा. भोक तेच होतं, ते अभ्यासाच्या खोलीचं झालं होतं एवढंच. मग ती हवेतच ओटा मांडायची, डबे लावायची, कुंडी कुठे ठेवायची ते ठरवायची. मामा बुटाच्या टोकाने माती उकरत राहायचा. प्रत्येक रविवारी मला वाटायचं, आज सांगेल.

शेवटी आबनामंचा, म्हणजे घर ताब्यात घेण्याचा दिवस उजाडला. या दिवशी बिल्डरचा माणूस फॉर्म घेऊन खोलीखोलीतून फिरतो आणि सापडेल तो दोष लिहून घेतो. मामी कढीपत्त्याची कुंडी कडेवर घेऊन आली होती. ती तडक स्वयंपाकघरात गेली. रिकामी पांढरी खोली, एका कोपऱ्यात पाइपांची तोंडं. दोन वर्षं मनात जिथे उभी राहत आली होती तिथे ती जाऊन उभी राहिली आणि मूठ फिरवून खिडकी उघडावी तसा तिचा उजवा हात आपसूक वर गेला. तो भिंतीला लागला आणि तिथेच राहिला.

"खिडकी कुठंय हो?" तिने विचारलं.

मामा त्या हाताकडे बघत होता. बावीस वर्षांत त्याने हात असा काही न सापडता अडलेला पाहिला नव्हता. तो बिल्डरच्या माणसाकडे वळला आणि मामीला ऐकू जाईल अशा स्पष्ट जर्मनमध्ये म्हणाला, "एक दोष लिहून घ्या. स्वयंपाकघराला खिडकी नाही. कारण, मी." तो माणूस गोंधळला. यात आमची काही चूक नाही, असं म्हणाला. "गेनाऊ, अगदी बरोबर," मामा म्हणाला, "माझीच आहे." आणि त्याने पुलावरच्या बसपर्यंतचं सगळं मामीला तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं.

मामी भांडली असती तर बरं झालं असतं. ती पुढचे आठ दिवस कामापुरतंच बोलली. तिच्या बोलण्यातून नेमकं काय कमी झालंय, ते मामाला बरोबर कळत होतं. नवव्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघर आणि अभ्यासाची खोली यांच्यामधल्या भिंतीपाशी तो उभा होता. टक टक. "जिप्स!" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ही भिंत विटांची बांधली असती तर काही खरं नव्हतं. त्याने ती कापली. आयुष्यात पहिल्यांदाच काढलेल्या जागी काहीतरी बसवलं. लाकडी चौकट, दोन झडपा, पितळी कडी, खाली कुंडीपुरती फळी. चौकटीला आठ स्क्रू लावले. "चारात भागलं असतं की रे, मामा," मी म्हटलं. "भागलं असतं," तो म्हणाला आणि आठवा पिळत राहिला.

आता मी जर्मनीतच दुसऱ्या गावी, झिंडेलफिंगेनला असते, अशाच एका नव्या इमारतीत. माझ्या ओट्यासमोर भिंत आहे. कधी कधी भाजी ढवळताना माझाही हात वर जातो, आणि मग मी मामीला फोन लावते. तिच्या खिडकीतून मामाची खोली दिसते, त्या खोलीच्या खिडकीतून शेतं आणि पॉप्लर. मधे मामाचं टेबल आणि त्याचं टक्कल. टेबल भिंतीकडे सरकवायला जागा आहे. त्याने ते सरकवलेलं नाही, आणि मामीनेही तसं कधी सुचवलेलं नाही. कढीपत्ता बरा आहे, यंदा पानं गळली नाहीत, असं ती सांगत असते. मग बोलता बोलता थांबते आणि मला तिचा आवाज फोनपासून दूर गेलेला ऐकू येतो.

"अहो, सरका ना जरा. झाडं दिसत नाहीयेत."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.